आधी पिन!

माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर खाली उतरवला की सल्ला देणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतो, स्पीकर बदला, आवाज शेवटी तिथूनच येतो. दुसरा म्हणतो, टर्नटेबल बदला. खाचेतून जे उचललंच गेलं नाही ते पुढे कितीही महागडा अँप्लिफायर लावला तरी परत येत नाही. हा दुसरा विचार ग्लासगोच्या आयव्हर टीफेनब्रुन यांनी सत्तरच्या दशकात हिरिरीने मांडला. त्यांच्या लिन कंपनीचं ‘सॉन्डेक एलपी12’ तेव्हापासून आजतागायत बनतं आहे. तर्क बिनतोड आहे. मांडणारा टर्नटेबल विकत होता, एवढं मात्र ध्यानात ठेवावं.

मी वेगळा प्रश्न विचारतो: कोणता भाग बिघडला तर कायमचं नुकसान होतं? बेताच्या स्पीकरवर आज थोडं कमी ऐकू येईल, पण रेकॉर्ड शाबूत राहील. झिजलेली पिन मात्र खाचेच्या भिंती खरवडत जाते, आणि मग लाखाची यंत्रणा आणली तरी खरखर तशीच. जुन्या मराठी एलपी सगळ्याच काही पुन्हा निघत नाहीत. म्हणून पहिला खर्च पिनेवर.

हिऱ्याची पिनही झिजते. बनावटीनुसार साधारण 300 ते 1000 तास. प्लेअर वापरलेला घेतला असेल तर पिनेने किती तास काढलेत हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, तेव्हा ती झिजलीच आहे असं धरून चालावं. जुन्या सुटकेसवजा प्लेअरमधलं सिरॅमिक कार्ट्रिज 4-5 ग्रॅमचा भार टाकतं. आजची बहुतेक मॅग्नेटिक कार्ट्रिजं 2 ग्रॅमच्या आसपास भागवतात.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी पिनेचा आकार तर फारच महत्त्वाचा. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे एकसारखे घेते, पण बाहेरच्या कडेला खाच पिनेखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटीमीटर सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम 21. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आता ख्यालाची मांडणी आठवा. विलंबित बाहेरच्या ऐसपैस खाचांत पडतं, आणि द्रुतातल्या पल्लेदार ताना नेमक्या आतल्या दाटीत. साधी गोल टोकाची पिन तिथल्या बारीक वळणांत नीट बसत नाही. तान फाटते, ‘स’ आणि ‘श’ फिसकारतात. आपण गवयाचा आवाज चिरकला असं समजतो! लंबगोल टोकाची पिन बरी, त्याहून बरी मायक्रोलाइन किंवा शिबाटा. शिबाटाचा आकार सत्तरच्या दशकात जपानच्या जेव्हीसीमध्ये चार चॅनलच्या रेकॉर्डसाठी घडवला गेला. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95 मालिकेत गोल टोकापासून शिबाटापर्यंतच्या सगळ्या पिना एकाच कार्ट्रिजवर बसतात. ऑर्टोफॉनच्या 2एम रेडवर ब्लूची पिन चालते. म्हणजे कार्ट्रिज तेच ठेवून पायरी चढता येते.

नवी पिन वाकडी बसवली तर पैसे वायाच. कार्ट्रिजचा कोन जुळवायचा छापील कागद, भार मोजायचा छोटा काटा आणि एक स्पिरिट लेव्हल, एवढं पुरतं. रेकॉर्ड धुवायला विसरू नका. आपल्याकडची धूळ पिनेसाठी पॉलिश पेपरच.

मग फोनो प्रीअँप. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात आणि तार उचलतात. वाजवताना ते उलटं करावं लागतं. त्याचं प्रमाण 1954 मध्ये आरआयएए या अमेरिकी संघटनेने ठरवलं. 20 हर्ट्झला सुमारे 19 डेसिबल वाढ, 20 हजारांना जवळजवळ तितकीच घट. मॅग्नेटिक कार्ट्रिजची तार थेट ऑक्समध्ये खोचली तर आवाज क्षीण आणि किरटा येतो, आणि खापर फुटतं स्पीकरवर. आधी हे तपासा.

टर्नटेबल कधी बदलावं? तंबोरा सांगेल. संथ आलापामागे तो डगमगत असेल तर बेल्ट किंवा मोटर संशयित. स्ट्रोबची चकती ठेवून पाहा: आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर झगमगणाऱ्या दिव्याखाली 180 पट्ट्या स्थिर दिसायला हव्यात. बरेच एलईडी असे झगमगत नाहीत. निऑनचा दिवा घ्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी प्रेमाने धाडलेल्या जुन्या टर्नटेबलबाबत विशेष सावध. मोटर विजेच्या वारंवारतेवर चालणारी असेल तर ट्रान्सफॉर्मर लावून 110 व्होल्ट जमतील, पण 60 हर्ट्झसाठी बनलेली मोटर इथे मिनिटाला 27.8 फेरेच घेईल. काळी एकमधलं गाणं काळी पाचच्याही किंचित खाली घसरेल. तिथे 50 हर्ट्झची पुलीच लागते.

स्पीकरवर सगळ्यात शेवटी लिहितो आहे, कारण ते घाईने घेऊ नयेत. फरक सगळ्यात ठळक तेच दाखवतात हे मान्य, पण खोलीत नीट मांडले तर जुनेही सुधारतात. टर्नटेबल त्यांच्याच फळीवर ठेवू नका. भिंतीतला कडाप्प्याचा फडताळखण कुठल्याही महागड्या स्टँडइतका कामाचा.

यंदाच्या दिवाळीत बोनस हाती आला तर तो सगळा एका वस्तूवर उधळू नका. पिन, काटा आणि धुण्याचं साहित्य आणा, महिनाभर ऐका, आणि उरलेले पैसे स्पीकरसाठी बाजूला ठेवा. टर्नटेबलचा वेग स्थिर असेल तर त्याला हात लावायची गरज नाही.