साठ टक्के आणि नऊ टक्के

सोरायसिसच्या जनुकांबद्दल वाचायला घेतलं की एक आकडा हटकून समोर येतो: युरोपीय वंशाच्या सुमारे ६० टक्के रुग्णांत ‘एचएलए-सी*०६:०२’ हे जनुकरूप सापडतं. वाचणारा लगेच मनाशी म्हणतो, हे रूप माझ्यात निघालं तर मला सोरायसिस होण्याची शक्यता ६० टक्के. हा हिशेब साफ चुकीचा आहे. कसा, ते कागदावर मांडूनच पाहावं.

हजार माणसं घ्या. युरोपात सोरायसिसचं प्रमाण दोन ते तीन टक्के. आपण दोन धरू. म्हणजे रुग्ण २०, आणि त्यांतल्या १२ जणांत हे रूप. राहिले ९८०. या निरोगी मंडळींतही १० ते १५ टक्क्यांकडे तेच रूप असतं. १२ टक्के धरले तर ११८ माणसं झाली. एकूण १३० जणांकडे हे रूप, त्यांतले आजारी १२. म्हणजे नऊ टक्के! बाकी ११८ जण हेच रूप घेऊन खुशाल हिंडताहेत. दुसरीकडे, हे रूप नसलेल्या ८७० जणांतही आठ रुग्ण आहेतच, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. ‘धोका दहापट’ हेही खरं आणि ‘दहातल्या नऊ जणांना काही होत नाही’ हेही खरं. जनुक-चाचण्या विकणाऱ्यांच्या जाहिरातीत यातलं पहिलंच वाक्य मोठ्या अक्षरांत का छापलं जातं, हे सांगायला नको.

घराण्याचे आकडेही असेच दुधारी. १९८२ च्या एका जर्मन अभ्यासात आई किंवा वडील यांपैकी एकाला सोरायसिस असेल तर मुलाला तो होण्याचं प्रमाण १४ टक्के आढळलं, दोघांनाही असेल तर ४१ टक्के. लग्नाच्या बोलणीत मुलीच्या कोपरावरचा चट्टा लपवला जातो आणि पुढे तो उघडा पडला की ‘आनुवंशिक आहे, आम्हाला फसवलं’ म्हणून रडारड होते. अशा घरात हा १४ चा आकडा कुणी सांगत नाही, १०० मधून १४ वजा करून तर नाहीच नाही.

जुळ्यांकडे पाहिलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. डेन्मार्कच्या जुळ्यांच्या नोंदवहीवरून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाला सोरायसिस असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एकसारख्या जुळ्यांत ३३ टक्के, तर भिन्न जुळ्यांत १७ टक्के निघालं. जवळजवळ दुप्पट, म्हणजे जनुकांचा हात नक्की आहे. पण जनुकं तंतोतंत तीच असूनही तीन जोड्यांपैकी दोनांत दुसरं भावंड सुटतं. याच अभ्यासात आनुवंशिकता ६८ टक्के काढली आहे. ती अख्ख्या समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाला लागू पडते. एका माणसाच्या रोगाचे ६८ टक्के जनुकांच्या खात्यावर आणि ३२ टक्के धूम्रपानाच्या, असे वाटे पडत नाहीत.

जनुकांखेरीजही काही आहे, याची आणखी एक खूण: उत्तर नॉर्वेतल्या त्रोम्सो इथल्या पाहणीत ‘तुम्हाला कधी सोरायसिस झाला आहे का’ या प्रश्नाला १९७९-८० मध्ये ४.८ टक्के लोकांनी होकार दिला, २००७-०८ मध्ये ११.४ टक्क्यांनी. लोकांनी स्वतः दिलेलं उत्तर आहे, जागरूकता वाढल्याचा भाग त्यात असणारच. पण तीस वर्षांत जनुकं बदलत नाहीत, एवढं नक्की.

मग जनुकं करतात तरी काय? एचएलए-सी हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे बारीक तुकडे मांडून ठेवतं आणि रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी-पेशी ते तपासून जातात. हे तुकडे मापात कापण्याचं काम ‘इरॅप१’ नावाचं विकर करतं. २०१० मध्ये दिसलं ते असं, की इरॅप१ च्या जनुकातल्या फरकाचा परिणाम एचएलए-सीचं धोक्याचं रूप असणाऱ्यांतच जाणवतो, इतरांत नाही. तुकडा कापणारा आणि मांडणारा जोडीनेच गोंधळ घालतात, असा याचा अर्थ. पुढे टी-पेशी आपल्याच त्वचेला परकं समजू लागतात, आणि महिनाभरात नवी होणारी कातडी तीन-चार दिवसांत नवी होऊ पाहते. त्याचेच चंदेरी पापुद्रे. घशाला स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे चट्टे उठणारी मुलं असतात. त्यांत हे एचएलए रूप विशेष आढळतं. बीज जनुकाचं, निमित्त घशाचं.

या एका रूपापलीकडची यादी वाढतच आहे. संबंध दिसलेल्या जनुकीय जागा २०१२ मध्ये ३६ होत्या, २०१७ मध्ये ६३ आणि २०२५ मध्ये १०९. शेवटचा आकडा ३६ हजारांवर रुग्ण आणि साडेचार लाखांवर निरोगी लोक तपासून आला. बहुतेक जागांचा एकेकटीचा वाटा अगदी किरकोळ. तरी ही यादी वाया गेलेली नाही: रोगप्रतिकारक यंत्रणेतली इंटरल्युकिन-२३ ची साखळी आणि ‘टायके२’ हे विकर ही नावं त्यात आहेत, आणि त्यांनाच रोखणारी औषधं आज वापरात आहेत. टायके२ ला आवर घालणाऱ्या ड्युक्रावासिटिनिब या गोळीला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. रोगाचं भविष्य सांगण्यापेक्षा औषध कुठे मारायचं ते दाखवण्यात ही जनुकं जास्त कामाची ठरली.

आता तोच हिशेब इकडे आणून पाहू. भारतातलं सोरायसिसचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ०.४४ ते २.८ टक्के असं पसरलेलं आहे, आणि यातले बरेच आकडे रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतून आलेले. युरोपचेच ६० आणि १२ टक्के क्षणभर इथे उसने घेतले, तर खालच्या टोकाला हे रूप असलेल्या शंभरांतले जेमतेम दोन आजारी निघतात आणि वरच्या टोकाला तेरा. चाचणी तीच, जनुक तेच. अहवालावर मात्र ‘धोका वाढलेला’ एवढंच छापून येतं.