ध्रुवीय प्रकाश आणि त्याचे रंग

भूगोलाच्या तासास ध्रुवीय प्रकाशाचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. कळव्याहून तो कोणास दिसणार, अशी आपली समजूत असते. ती सर्वस्वी खरी नव्हे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री हा प्रकाश मुंबईहून दिसल्याची नोंद आहे. अलीकडे, मे २०२४ मध्ये, लडाखातील हानले येथील कॅमेऱ्यांनी तो टिपला; मात्र तेथे तो तांबडा होता. ध्रुवाकडे हिरवा दिसणारा प्रकाश येथे तांबडा का, असे चौकस विद्यार्थी विचारील. त्यास ‘दैवी कोप’ हे उत्तर मिळू नये.

सूर्याकडून येणाऱ्या विद्युद्भारित कणांच्या लोटाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळले जाते व वेगवान इलेक्ट्रॉन बलरेषांच्या अनुरोधाने खाली उतरून हवेच्या अणुरेणूंवर आदळतात. आघाताने मिळालेली ऊर्जा अणू प्रकाशरूपाने परत करतो. प्रत्येक द्रव्याचे रंग ठरलेले असतात. गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले असता ती पिवळी होते, हे शिक्षकांनी स्वतः करून दाखवावे.

ऑक्सिजन मात्र दोन रंग देतो. हिरवा प्रकाश तो सेकंदाभरात देतो. तांबड्यास सुमारे दोन मिनिटे लागतात. खालच्या दाट हवेत तेवढा अवकाश मिळत नाही. दुसऱ्या कणाशी टक्कर होऊन ऊर्जा निघून जाते. म्हणून हिरवा शंभर ते दीडशे किलोमीटरांवर, तर तांबडा दोनशेच्या वर, विरळ हवेत. नायट्रोजनमुळे निळी-जांभळी छटा येते.

आता दूरच्या गलबताचे नेहमीचे उदाहरण घ्यावे. त्याची डोलकाठी दिसते, पण तळ क्षितिजाआड असतो. तसाच दक्षिणेकडील प्रेक्षकास खालचा हिरवा पट्टा दिसत नाही, वरचा तांबडा तेवढा दिसतो. तोही इतका मंद की डोळ्यांआधी कॅमेऱ्यास उमगतो. पारसिकच्या डोंगरामागील पहाटेची लाली अगदी वेगळी. ती सूर्यकिरण हवेत विखुरल्यामुळे येते.

कळव्याच्या दिव्यांत असा प्रकाश दिसणे आज दुरापास्तच. परंतु ज्या चुंबकीय वादळामुळे तो दिसतो, त्याचा वेध जवळच घेतला जातो. सप्टेंबर १८५९ चे प्रचंड वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदले गेले. पुढे शहरातील विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव टाळण्यासाठी १९०४ पासून अलिबाग येथे वेध सुरू झाले. ते आजही चालू आहेत.