इमारतींचे संरक्षण : औशाचा कोट आणि किल्लारीची घरे

लातूर जिल्ह्यातील औसा येथील भुईकोट किल्ला जवळ जाईपर्यंत नीटसा दिसत नाही. सभोवतालच्या उंचवट्यांमध्ये, सखल जागी तो उभारलेला आहे; आतील उंच जागेवरून मात्र येणारा माणूस दुरूनच नजरेस पडतो. भोवती खंदक, त्यामागे दुहेरी तट आणि एकापाठोपाठ एक दरवाजे. नांदेड जिल्ह्यातील कंधारच्या किल्ल्याचा खंदकही याच विचाराचा. शत्रू कधीच आत शिरणार नाही, असे या रचनेत गृहीत धरलेले नाही. प्रत्येक अडथळ्यापाशी त्याचा वेळ जावा आणि तेवढ्यात शिबंदी सावध व्हावी, हे तिचे सूत्र होय.

शाळा, ग्रामपंचायत व तहसील कार्यालय यांनाही ते लागू पडते. कुलूप चोरास फक्त थोपवून धरते. त्या वेळात पाहणारा व धावून येणारा कोणी नसेल, तर भारी कुलपाचा खर्च वायाच म्हणावयाचा. शिवाय चोर अनेकदा कुलपास हातही लावीत नाही. बाहेरून दिसणारे स्क्रू काढून कोयंडाच उचकटतो. म्हणून कोयंडा आरपार बोल्टने बसवून त्याची चाकी आतल्या बाजूस घ्यावी. खिडकीखालची झुडपे काढावीत. कोषागारातील दुहेरी कुलपाची पद्धत तर अनुकरणीयच आहे : दोन किल्ल्या दोघांकडे, एकट्यास खोली उघडता येत नाही. किल्ल्यांची नोंदवही रोजच्या रोज भरावी. तपासणीच्या आदल्या दिवशी एका बैठकीत भरलेली नोंदवही आपणा सर्वांच्या परिचयाची आहे!

परंतु भक्कमपणाची दुसरी बाजू मराठवाड्याइतकी कोणी पाहिली असेल? ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली. उन्हापासून व चोरांपासून ज्यांनी राखले, त्याच दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे झोपलेल्यांवर कोसळली.

म्हणून वर्ग चालू असताना मागील दारास बाहेरून कुलूप घालण्याची चाल प्रथम बंद करावी. दार बाहेरच्या बाजूस उघडावे. आतून ते किल्लीविना निघावे. गजांच्या खिडक्यांपैकी एकीची चौकट बिजागरीवर असून तिची कडी आत असावी. पहिलीतील मुलाचा हात त्या कडीस पोहोचतो की नाही, हे मुख्याध्यापकांनी स्वतः उभे राहून पाहावे.