तळ्यातील माशांना पुराचा सांगावा

वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून निघालेली प्राणहिता बेज्जूर परिसरालगत वाहते. हा भाग पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता, २०१६ पासून तो कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. पलीकडचा तीर गडचिरोलीचा. अशा नद्यांना पावसाळ्यात पूर आला की कार्प जातीचे मासे अंडी घालतात. तळ्यात पाळलेले कटला, रोहू व मृगळ मात्र अंडी पक्व होऊनही ती सोडीत नाहीत. त्यामुळे मत्स्यबीजासाठी एके काळी नदीवर विसंबावे लागे, आणि त्या बीजात नको असलेल्या जातींची भेसळ हमखास असे.

या अडचणीचे मूळ माशाच्या मेंदूत आहे. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची छोटी ग्रंथी असते. कणगीत धान्य असावे तसे तिच्या पेशींत प्रजननाचे संप्रेरक साठविलेले असते. ही कणगी उघडण्याचा हुकूम मेंदू एका पेप्टाइडामार्फत, म्हणजे दहा ॲमिनो आम्लांच्या साखळीमार्फत, धाडतो. ते पेशीच्या पृष्ठभागाला चिकटताच आत कॅल्शियम वाढते व संप्रेरक रक्तात उतरते. सस्तन प्राण्यांतील अशा पेप्टाइडाची रचना १९७१ मध्ये उलगडली. शॅली व गिलेमिन यांना या क्षेत्रातील कार्याबद्दल १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तत्पूर्वीच, १० जुलै १९५७ रोजी, हिरालाल चौधुरी यांनी ओडिशातील अंगुल येथे पीयूषिकेचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पद्धत मोलाची खरी, पण कटकटीची! मेलेल्या माशांच्या डोक्यांतून ग्रंथी काढून मद्यार्कात ठेवाव्या लागत, आणि मादीला सहा तासांच्या अंतराने दोन वेळा टोचावे लागे.

पुढे कृत्रिम पेप्टाइड आले. त्यातील दोन ॲमिनो आम्ले बदललेली असल्याने ते शरीरात लवकर विघटित होत नाही. ते माशाच्या स्वतःच्या ग्रंथीलाच संप्रेरक सोडावयास लावते. तथापि कार्प माशांत केवळ हुकूम पुरत नाही. मेंदूतील डोपामिन त्याच पेशींना आवरून धरते. म्हणून औषधात डोपामिनला रोखणारे द्रव्यही मिसळलेले असते. या जोडीची उपयुक्तता लिन व पीटर यांनी दाखविली. तयार औषधाची एकच मात्रा पुरते. कटल्याच्या मादीस किलोमागे सुमारे ०.४ ते ०.५ मिलिलिटर, नरास त्याहून कमी. अंडी मुळातच अपक्व असतील तर मात्र टोचणी वाया जाते. म्हणून प्रजनक माशांची निवड अनुभवी हातांनीच करावी लागते.