अडुळसा खोकल्याचा, दम्याचा नव्हे

आमच्या निपाणीच्या घरी परसात, कुंपणाला लागून अडुळसा आहे. आई उमेदीची बरीच वर्षं तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तंबाखू चाळताना उडणारी धूळ नाकातोंडात जायची आणि संध्याकाळी घरी आली की ती खोकत बसायची. मग अडुळशाची चार पानं, आल्याचा तुकडा आणि गूळ घालून काढा व्हायचा. कडूजहर, पण कफ सुटायचा आणि आईला झोप लागायची. शेजारच्या कन्नड अज्जी याच झाडाला आडुसोगे म्हणायच्या. त्यांच्या काढ्यात आल्याऐवजी मिरी पडायची, एवढाच काय तो फरक.

हा गुण नुसता ऐकीव नाही. अडुळशाच्या पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. १८८८ मध्ये हूपर यांनी ते वेगळं काढलं. पुढे त्याच्याच धर्तीवर ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर हे नाव आजही वाचायला मिळतं. घट्ट कफ पातळ करून सुटा करणं, हे त्याचं काम.

पण याच भरवशापायी आमचा एकदा घात व्हायचा राहिला. थंडीतली रात्र होती. आईला धाप लागली, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. आम्ही नेहमीप्रमाणे काढा ठेवला. एक पेला झाला, दुसरा झाला. तिला वाक्यही पुरं बोलवेना, ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा कुठे आम्ही रिक्षा बोलावली. दवाखान्यात नेब्युलायझर लावल्यावर श्वास जागेवर आला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "काढ्यात तासभर घालवलात." ते मी अजून विसरले नाही.

दम्याच्या झटक्यात नुसता कफ अडलेला नसतो. श्वासनलिकांचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं. तिथे काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करणारा पंपच लागतो. काढा तेवढ्या वेळात ते काम करत नाही.

दुसरा घोटाळा नावाचा. 'आडु मुट्टद सोप्पिल्ल', म्हणजे शेळी तोंड लावत नाही असा पालाच नाही, ही कन्नड म्हण आपल्या घरांतून सर्रास ऐकू येते. अडुळसा मात्र शेळीही सोडते, म्हणून त्याला 'आडुमुट्टद सोप्पू' म्हणतात. पण दमवेल नावाच्या वेलीलाही हेच नाव लावतात. दम्यासाठी तिचं पान चावून खाण्याचे प्रयोग आपल्या देशात झाले आहेत. त्यात काहींना उतार पडला, पण उलट्या आणि तोंड येण्याचा त्रासही झाला. अडुळसा हे झुडूप आहे, दमवेल ही वेल. तेव्हा नुसत्या नावावर कुणाकडून पाला आणू नये.

काही गोष्टी घरातल्या सगळ्यांनीच लक्षात ठेवाव्यात. व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. मग घरची थोरली माणसं काहीही म्हणोत. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून रस चाटवू नये, कारण त्या वयात मधच धोक्याचा. काढा जास्त झाला तर उलट्या-जुलाब होतात. तयार सिरपात बऱ्याचदा साखर असते, मधुमेह असलेल्यांनी लेबल वाचावं. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला किंवा थुंकीतून रक्त आलं, तर थुंकीची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. आणि डॉक्टरांनी दिलेला पंप काढ्याच्या भरवशावर बंद करू नये.

जुनी औषधं टाकून द्या, असं मी म्हणत नाही. ती पारखून घ्यायची असतात, आणि नेमकं हेच काम करणारी आयसीएमआरची संस्था २००६ पासून आपल्या बेळगावातच आहे.

आमच्या परसातला अडुळसा अजून तसाच आहे. साधा खोकला झाला की आई आजही पानं खुडते. पंप मात्र तिच्या उशाशी असतो, आणि तो कसा ओढायचा हे आता घरातल्या पोरांनाही येतं.