नौशेरा ते राजौरी : रामा राणे यांचे चार दिवस

जम्मू-काश्मीरमधल्या भारत-पाकिस्तान युद्धात, १९४८च्या फेब्रुवारीत, भारतीय सैन्याने नौशेऱ्यावरचा मोठा हल्ला परतवून लावला आणि मार्चमध्ये आधी हातचे गेलेले झांगर परत घेतले. आता डोळ्यांसमोर राजौरी होती. पण शत्रूने त्या डोंगरी रस्त्याची पार वाट लावून ठेवली होती. जागोजागी सुरुंग पेरलेले, मोऱ्या उडवलेल्या, पाइनची झाडे आडवी पाडलेली. रणगाड्यांना पुढे सरकायला जागाच नव्हती. ती करून देण्याची जबाबदारी ४ डोग्रा पलटणीसोबत असलेल्या ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या तुकडीवर होती. तिचे प्रमुख होते सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे.

राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे, जन्म १९१८चा. १९४० साली ते बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलात साधे सैनिक म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले आणि डिसेंबर १९४७मध्ये अधिकारी झाले. त्यानंतर चारच महिन्यांत कसोटीची वेळ आली.

८ एप्रिलला सुरुंग काढायला सुरुवात होते न होते तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणेही होते. त्यांनी उरलेली माणसे गोळा केली आणि काम पुन्हा सुरू केले. दुपारी साडेचारला बरवालीची टेकडी हाती आली. आसपास शत्रू अजून दबा धरून होता, तरी राणे माणसे घेऊन पुढे गेले आणि मशीनगनच्या माऱ्यात रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणवाट खणत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा तेच. दुपारी तीनला वाट तयार झाली. मग राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर आडवी झाडे लागली. खाली उतरून त्यांनी ती स्फोटकांनी उडवली. काही अंतरावर तोच अडथळा आणि तोच उपाय. १० तारखेला पहाटे पावणेपाचला काम सुरू करून त्यांनी पाच मोठ्या झाडांचा, सुरुंगांनी वेढलेला अडथळा साडेसहापर्यंत दूर केला. ११ तारखेला सकाळी अकरापर्यंत राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्या रात्री दहापर्यंत त्यांचे हात पुढच्या रस्त्यावर चालूच होते. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोहोचले.

राणे यांना परमवीरचक्र मिळाले. १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

जिथे पाऊल टाकायला जवान कचरतील, तिथे अधिकाऱ्याने आधी स्वतः उतरायचे. या चार दिवसांत राणे यांनी नेतृत्वाचा हाच धडा घालून दिला. कारवारला गेलात तर किनाऱ्यावरच्या त्यांच्या पुतळ्यापाशी जरूर थांबा आणि सोबतच्या मुलांना या चार दिवसांची हकीकत सांगा.