गोबर गॅसची टाकी आणि पेटता कंदील

विहिरीत उतरण्यापूर्वी दोराने पेटता कंदील खाली सोडून हवा पाहण्याची रीत जुनी आहे. कंदील विझला की खाली प्राणवायू कमी आहे, असे समजावे. परंतु हीच रीत गोबर गॅसच्या टाकीस लावणे म्हणजे स्फोटास आमंत्रण देणे होय. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील ज्या शेतकरी बंधूंकडे असे संयंत्र आहे, त्यांनी या भेदाचे कारण नीट समजून घ्यावे.

शेण हवाबंद जागी कुजले असता त्यातील जिवाणू मिथेन वायू तयार करतात. हा वायू हवेत साधारणतः ५ ते १५ टक्के मिसळला गेला, तरच ठिणगीने त्याचा स्फोट होतो. भरलेल्या टाकीत हवा नसते, म्हणून तेथे स्फोट होत नाही. टाकी दुरुस्तीसाठी उघडली की हवा आत शिरते आणि धोका त्याच वेळी उत्पन्न होतो.

अशा स्फोटावर पाणी व जिवाणू हे दोन उपाय सांगितले जातात. पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार ज्वालेत शिरताच त्यांची वाफ होते. ही वाफ उष्णता शोषून घेते व प्राणवायूस दूर सारते. कोळशाच्या काही खाणींत पाण्याने भरलेली पात्रे टांगलेली असतात, ती याच तत्त्वावर. स्फोटाच्या धक्क्याने ती उलटून पाणी ज्वालेच्या वाटेत विखुरते. तथापि मिथेन पाण्यात फारच थोडा विरघळतो. म्हणून टाकीत पाणी फवारल्याने वायू नाहीसा होतो, असे मानू नये.

दुसरा उपाय मिथेनवर जगणाऱ्या जिवाणूंचा. हे जिवाणू भातखाचरांच्या मातीत आढळतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते वेगळे करून वाढविले आहेत. त्यांस प्राणवायू लागतो व त्यांचे काम संथ असते. स्फोट तर निमिषात होतो. सबब टाकी निर्धोक करण्यासाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही. मात्र मळीच्या खड्ड्यावर मुरलेल्या कंपोस्टचा थर दिल्यास वर येणाऱ्या मिथेनचा काही अंश ते खाऊन टाकतात.

म्हणून पुढील नियम पाळावेत :

१. टाकीजवळ कंदील, विडी, काडी अथवा विजेची ठिणगी येऊ देऊ नये.

२. नळीची गळती साबणाच्या फेसाने तपासावी. ज्योतीने कदापि नव्हे.

३. स्वयंपाकघरात वास आल्यास प्रथम तोटी बंद करावी व दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण दाबू नये. मिथेन हलका असल्याने छपराखाली साठतो. तेथे झरोका असावा.

४. रिकाम्या टाकीतही उतरू नये. तळाशी कर्बवायू व विषारी गंधकयुक्त वायू राहतो. आत कोणी बेशुद्ध पडल्यास मागोमाग उडी घेऊ नये. अग्निशमन दलास बोलवावे. दुरुस्ती प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावी.

गोबर गॅस चूल पेटवितो व शेतास खतही देतो. टाकीत हवा आणि घरात वायू शिरू न देणे, हेच त्याच्या सुरक्षिततेचे सार होय.